मोरचुदाचा हात

आमच्याकडे फक्त बाळंतपण व्हायचं, बारसं दुसऱ्याच्या घरी. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मागच्या गल्लीला आमची बसकी इमारत होती आणि तिच्यात आम्ही चिपा करायचो, विजेच्या वस्तूंच्या पोटात असतात त्या. गिऱ्हाईक आपला नकाशा काचेवर काढून पाठवायचं. तो नकाशा आम्ही सिलिकॉनच्या चकतीवर उतरवायचो, चकती भट्टीत भाजायचो, परत उतरवायचो, परत भाजायचो, आणि तयार माल खोक्यात भरून त्याच्या गावाला धाडायचो. तिथं त्याच्यावर त्याचं नाव छापलं जायचं. माल चांगला निघाला तर आमचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. बिघडला की मात्र सगळ्यांना पत्त्यासकट आठवायचं.

मी भट्टीवर होतो. शिक्षण चौथी पास. पुढची शाळा आमच्या गावात नव्हती, आणि माझ्याकडे बघून ती काढावी असं कुणाला वाटलंही नाही. पण भट्टीला प्रमाणपत्र लागत नाही, हात लागतो, आणि तो माझ्याकडे होता. असं मी म्हणायचो. दिवसातून दोनदा म्हणायचो.

भट्टी म्हणजे वीटभट्टी नव्हे. आडवी ठेवलेली पारदर्शक नळी, बाहेरून तापलेली, आत लालभडक. चकत्या एका छोट्या होडीत उभ्या लावायच्या आणि ती होडी काचेच्या लांब दांड्याच्या आकड्याने हळूहळू आत ढकलायची. घाई केली तर चकत्या वाकतात, धक्का बसला तर तडकतात. माझी होडी कधी हलली नाही. साईच्या दुधाचं पातेलं घेऊन चालावं तशी ती आत जायची. नवीन माणसं घड्याळ बघून ढकलायची. मी घड्याळाकडे पाठ करून ढकलायचो, आणि वेळ झाल्यावर वळून बघितलं तर काटा बरोबर जागेवर. ह्याचा मला किती गर्व होता ते सांगायला नको, मी तो रोज सांगतच होतो.

एक सवय होती. दांडा आत घालण्याआधी मी तो उघड्या तळहातातून एकदा सरकवून घ्यायचो, मुठीपासून थेट आकड्यापर्यंत. कुठं कपची उडालीय, कुठं बारीक तडा गेलाय, ते डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं. माझ्या बापाने बैलाच्या खांद्यावरून हात फिरवून आतली सूज ओळखली, त्याने काही हातमोजे घातले नव्हते. कारखान्यात हातमोज्याचा नियम होता. मी तो पाळायचो, पाहुणे असले की.

आता उताऱ्याचं सांगतो. शेतात एकरी किती निघालं त्याला आपण उतारा म्हणतो, तसाच चिपांचा उतारा. इंग्रजीत यील्ड. एका चकतीवर कितीतरी चिपा असतात. शेवटी एक यंत्र बारीक सुयांनी एकेकीला टोचून बघतं आणि जी मेलेली असेल तिच्यावर शाईचा लाल टिपका देतं. चांगली चकती स्वच्छ दिसते. वाईट चकतीला गोवर आल्यासारखा दिसतो. गोवर जास्त झाला की गिऱ्हाईक जातं. सगळा धंदा एवढाच आहे, पण तो चार तास समजावून सांगायला शेठ कोट घालायचे.

शेठ म्हणजे आमचे मालक. भला माणूस. गिऱ्हाईक कसं ओढायचं ह्याचं त्यांनी शास्त्रच केलेलं होतं. भट्टीच्या खोलीला काचेची मोठी खिडकी बसवली, म्हणजे पाहुण्यांना आतलं दिसावं. आम्ही पांढऱ्या झग्यात, डोक्याला टोप्या, आणि पलीकडे पाहुणे चहा पीत बघतायत. राणीच्या बागेतही जनावराला एवढं निरखून बघत नाहीत. दारात चिकट चटई टाकली, बुटाची धूळ निघावी म्हणून. भिंतीवर पाटी लावली, ‘शून्य दोष’. ती रंगवणाऱ्याने ‘शून्य’ दोनदा खोडून लिहिलं होतं. हंगाम असला की पाहुण्यांच्या गाडीत द्राक्षाची पेटी. द्राक्षं आमच्याच बागेतली असायची, म्हणजे गिऱ्हाईक आणण्यात माझाही हातभार होता. पुढे तो किती होता ते कळेलच.

बाग दिंडोरीच्या अलीकडे, धाकट्या भावाची आणि माझी मिळून. लावून तिसरं वर्ष होतं. भल्या सकाळी बागेत, मग आंघोळ, मग स्कूटरवरून दिंडोरी नाका, द्वारकेच्या चौकातला धूर, आणि नऊच्या ठोक्याला अंबड. दोन्हीकडे मी होतो म्हणून दोन्हीकडचं चाललंय, असं माझं ठाम मत होतं.

तोपर्यंत आमचा माल रांगडा. पंख्याच्या रेग्युलेटरला लागणाऱ्या चिपा. त्यांना काहीही चालायचं. त्या वर्षी मात्र शेठनी बंगलोरचं गिऱ्हाईक आणलं. नाजूक माल. त्यांनी अट घातली, आधी चार लॉट करून दाखवा. लॉट म्हणजे एका खेपेला एकत्र भाजलेल्या चकत्या. चारांमधून भरवसा बसला तर पुढची पाच वर्षं काम तुमचं, नाही बसला तर आमच्या काचा परत द्या. शेठनी आम्हा अकरा जणांना खिडकीच्या आतल्या बाजूला उभं करून सांगितलं, “रेग्युलेटरचं काम आता परदेशातून आयतं येतंय. हे गिऱ्हाईक टिकलं तर भट्टी चालेल. नाही टिकलं तर भट्टी बंद, आणि मी इथं प्लास्टिकच्या बादल्या काढीन.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काका, चारही लॉट तुमच्या हातून. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

एवढी मोठी चूक शेठनी आयुष्यात दुसरी केली नसेल.

पहिला लॉट खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याची सुट्टी न घेता लागला. खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करायचो. भट्टीला झेंडूची माळ, दाराला आंब्याचं तोरण, आणि भट्टीशेजारी तांब्याचा कलश. तो कलश माझ्या घरचा, पूजाही मीच करायचो. मॅडमनी त्या वर्षी नाक मुरडलं होतं. मॅडम म्हणजे आमच्या इंजिनीअर, पुण्याहून आलेल्या, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. माल का बिघडतो ते शोधायचं हे त्यांचं काम. ज्या घरात अजून काही बिघडलेलं नाही तिथं असं माणूस फारसं आवडत नाही.

“काका, कलश बाहेर ठेवला तर नाही का चालणार?”

“देवाला बाहेर उभं करू? पावण्यांना आत घेता ते?”

“पाहुणेही बाहेरच असतात, काचेपलीकडे.”

“मंग देवालाबी च्या द्या.”

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी कलश बाहेर ठेवलाही असता. आमचं असं आहे.

लॉट सगळी भाजणं संपवून टोचायला गेला आणि चकत्यांना असा गोवर आला, की टिपका देणाऱ्या यंत्राची शाई संपली. शेठ पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या नकाशावर घसरले. मॅडमनी मात्र मेलेली चकती मुंबईला तपासायला धाडली. आठ दिवसांत कागद आला. चकतीत तांबं शिरलंय.

“तांबं म्हणजे सिलिकॉनला विष,” मॅडमनी सगळ्यांना समजावलं. “डोळ्याला दिसणार नाही एवढं पुरतं. भट्टीच्या उष्णतेत ते चकतीत आरपार पळतं.” आणि मग सगळ्यांची तोंडं कलशाकडे वळली. कलशही बिचारा चकचकीत, मीच चिंच लावून घासलेला. चोर सापडावा तसा दिसत होता.

“काका, मी म्हटलं होतं,” मॅडम म्हणाल्या.

ह्या जगात माणसाने माणसाला बोलावी अशी पुष्कळ वाक्यं आहेत, पण ‘मी म्हटलं होतं’ हे त्यांतलं नाही. मी टोपी काढली. भट्टीच्या खोलीत टोपी काढायची नसते, तरी काढली.

“पंधरा वर्षं ह्या भट्टीवर हाय मी. तुमी तवा शाळेत डबा न्येत व्हत्या. माझ्या हातून ह्या भट्टीत तांबं गेलं आसंल, तर ही मिशी उतरवून ठिवीन हितं, ह्या पाटीखाली!”

पाटी म्हणजे ‘शून्य दोष’. मिशी म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण आता तसल्या मिशा राहिल्या नाहीत. टोकं गालापर्यंत. दिंडोरीच्या बाजारात लोक मला नावाने ओळखायचे नाहीत, मिशीने ओळखायचे. ह्याच मिशीला जाळी बांधा म्हणून मॅडम सहा महिने मागे लागल्या होत्या आणि मी सहा महिने ऐकत नव्हतो.

“मिशीचं राहू द्या,” मॅडम म्हणाल्या, “फक्त कलश घरी न्या. आणि हातमोजे घाला.”

कलशावरून एवढं पेटलं होतं की हातमोज्याचं वाक्य मी ऐकलंच नाही. शेपटाला लावलेलं खरं वाक्य असंच वाया जातं.

भट्टीची नळी आम्लाने धुतली. दुसरा लॉट लागला. आणि मी काय केलं? कलश घरी नेलाच नाही. कापडात गुंडाळला आणि भट्टीच्या मागे, तारांच्या पेटीवर ठेवून दिला. माझं सत्त्व तिथं पणाला लागलं होतं, असं मला वाटत होतं.

त्याच आठवड्यात पाण्याची मोटर उचलताना माझ्या पाठीत लचक भरली होती. स्कूटर चालायची, होडी ढकलता यायची, पण बागेतला पाइप ओढता येत नव्हता. म्हणून त्या आठवड्याची फवारणी भावाने केली. हे मी आत्ता सांगतोय. तेव्हा ते सांगण्यासारखं कुणालाच वाटलं नाही, मला तर नाहीच.

दुसरा लॉट टोचायला गेला आणि चकत्या निर्मळ. लाल टिपका शोधावा लागत होता. शेठनी पेढे मागवले. मी सगळे जमेपर्यंत थांबलो. मग भट्टीच्या मागे गेलो, कापड सोडलं आणि कलश आणून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

“हा हितंच व्हता. पैल्यापासून शेवटपर्यंत. आता बोला.”

मॅडम कलशाकडे बघत राहिल्या. चिडल्या नाहीत. “म्हणजे कलश नव्हता,” एवढंच पुटपुटल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, हार मान्य करवत नाही बाईला. शेठनी कलश स्वतःच्या हाताने भट्टीशेजारी परत ठेवला, वर नारळ ठेवला. त्या दिवशी घरी जाताना द्वारकेच्या चौकात मला हिरवा दिवासुद्धा मिळाला. माणूस चढतो तो असा.

तिसरा लॉट कलशाच्या डोळ्यांदेखत लागला. पाठ बरी झाली होती, बागेत पानांवर डावणीची बुरशी दिसू लागली होती, आणि भाऊ रोज टोचत होता, “दादा, तुझ्या चिपा बिघडल्या तर परत भाजशील. ह्ये पान एकदा गेलं का गेलं.” म्हणून लॉट लावायच्या सकाळी उजाडताच मी बाग फवारली, आंघोळ केली, आणि नऊला होडी भट्टीत. तिसरा लॉट पहिल्याहून वाईट निघाला. सबंध चकतीवर लाल टिपके, जणू कुणी कुंकवाचा करंडा लवंडला. मुंबईचा कागद या वेळी लवकर आला. तांबं.

आता बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी जास्त बोललो. नळीच खराब आहे, आम्लवाला भेसळ करतो, विजेचा दाब कमीजास्त होतो. मॅडम नुसत्या ऐकत होत्या. एकदाच म्हणाल्या, “काका, दुसऱ्या लॉटला आपण वेगळं काय केलं? काहीतरी केलंय. मला सापडत नाहीये.” त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. माझं उत्तर तयार होतं. म्हटलं, “देव खुश व्हता.”

बंगलोरचा निरोप आला. चौथा लॉट झाला की त्यांचा माणूस स्वतः येऊन बघणार, जमलं नसेल तर काचा घेऊनच जाणार. शेठ त्या दिवशी बादल्यांच्या साच्याची माहितीपत्रकं चाळत बसलेले मी खिडकीतून बघितले. या खेपेला काचेपलीकडचं जनावर ते होते.

लॉटच्या दोन दिवस आधी, सकाळी बागेत आम्ही दोघे भाऊ फवारणीचं मिश्रण कालवत होतो. द्राक्षवाल्या घरात हे लेकराला ठाऊक असतं, पण ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका पिंपात मोरचूद विरघळवायचं, निळंशार पाणी होतं. दुसऱ्यात चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र करायची. चुना कमी पडला तर पान भाजतं, म्हणून एक परीक्षा असते. लोखंडी विळा मिश्रणात बुडवायचा, थोडा वेळ ठेवून बाहेर काढायचा. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुना अजून घालायचा.

मी विळा काढला. पातं लालसर.

“चुना घाल रे,” मी भावाला म्हणालो. आणि विळा तसाच हातात राहिला.

पात्यावर काय चढलं होतं? गंज नव्हता. रंग नव्हता. तांबं होतं. माझ्या बापाने तेच सांगितलं होतं, लेप चढतो म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडाला धरतं. चाळीस वर्षं मला हे पाठ होतं. आणि महिनाभर मी तांबं कुठून येतं ते सगळ्या कारखान्यात शोधत होतो, देवाच्या कलशाची बाजू घेऊन भांडत होतो.

मी हात बघितला. तळहाताच्या भेगांमध्ये निळसर रेघा. साबणाने जात नाहीत, चिंचेनेही पुरत्या जात नाहीत, फवारणी चुकली तरच आठवडाभरात फिकटतात. द्राक्षाच्या हंगामात आमच्याकडे सगळ्यांचेच हात असे असतात, त्याकडे कोण बघतो? त्याच हातातून मी दांडा सरकवत होतो. मुठीपासून आकड्यापर्यंत. प्रेमाने.

“काय झालं, दादा? इच्चू चावला का?”

“चावला,” मी म्हटलं. “माझाच मला.”

फवारणी भावावर सोडून घरात आलो. स्वयंपाकघराच्या दाराला कॅलेंडर लटकलेलं. फवारणी झाली की मी त्या तारखेवर अंगठा टेकवायचो, कारण लिहायचा कंटाळा. निळे अंगठे. पहिल्या लॉटच्या तारखेवर अंगठा. तिसऱ्या लॉटच्या तारखेवर अंगठा. दुसऱ्या लॉटच्या आठवड्यात अंगठा नव्हता. तिथं भावाची पेन्सिलची रेघ होती. तो सहावी शिकलाय.

आता खरी पंचाईत. हे जगात एकट्या मलाच ठाऊक होतं. गप्प बसलो असतो, दोन दिवस बागेत हात घातला नसता, गुपचूप हातमोजे चढवले असते, तर लॉट चांगला निघाला असता आणि मिशीही राहिली असती. कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार मी केला नाही असं म्हणणार नाही. चहा थंड होईपर्यंत केला.

मग दिसलं, की पुढच्या वर्षी परत छाटणी येणार, परत मोरचूद येणार, आणि माझ्यासारखेच आजूबाजूच्या गावांतले आणखी दोघेतिघे त्या अकरांत आहेत, त्यांच्याही घरी बागा आहेत. आणि डोळ्यांखाली काळं आलेली ती मुलगी वहीत शोधत बसणार. माझ्या मिशीच्या सावलीत अकरा घरं बादल्या काढत बसणार. एवढी मोठी काही ती मिशी नव्हती.

कॅलेंडर काढलं, गुंडाळी केली, स्कूटरला बांधलं. बायकोने विचारलं, “आता कॅलेंडरबी कारखान्याला दान का? एकादशी कवाची त्ये कसं कळायचं?”

मॅडमच्या टेबलावर मी ते पसरलं आणि बाजूला उजवा हात उताणा ठेवला. सगळं सांगितलं. मोरचूद, विळा, लेप, दांडा. सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही, ‘शून्य दोष’कडे बघितलं. वाटलं, आता येणार ते वाक्य. मी म्हटलं होतं.

मॅडम हाताकडे बघत होत्या. मग खुर्ची मागे सारून उठल्या आणि म्हणाल्या, “काका, दांडा कसा सरकवता ते दाखवा.”

मी दाखवलं. त्यांनी दोनदा दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, “हे फार चांगलं आहे. तडा शोधायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. फक्त हातमोजा घालून करायचं. आणि हे आपण सगळ्यांना शिकवायचं.”

वाक्य आलंच नाही. आलं असतं तर मी भांडू शकलो असतो. ते न बोलून त्यांनी माझी फार गैरसोय केली.

दोन दिवस मी हातमोजा घालून रिकामी होडी ढकलत बसलो. पहिल्या दिवशी मुंबईच्या बसमध्ये उभं राहिल्यासारखी होडी हलत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी हाताला मोज्यातून कळायला लागलं. बाग भावाने फवारली. दांडे, नळी, चिमटे सगळं नव्याने धुतलं. कलश मी स्वतः घरी नेला. तो निर्दोष होता, पण वाईट संगतीत सापडला होता.

चौथा लॉट लागला. टोचायला गेला तेव्हा मी शेजारी उभा. एक चकती. दुसरी. तिसरी. टिपके बोटावर मोजण्याएवढे. सगळे टाळ्या वाजवत होते. आणि माझ्या लक्षात आलं, की उतारा जसजसा वाढतोय तसतसा माझा गुन्हा शाबीत होतोय. देवाने ही सोय खास माझ्यासाठी केली होती.

पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. सकाळी गावातल्या न्हाव्याकडे गेलो.

“सारखी करू?” तो म्हणाला.

“काढ.”

“काय काढू?”

“समदी.”

त्याने वस्तरा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, “कोण गेलं?”

घरी बायकोने बघितलं आणि पदर तोंडाला लावला. रडतेय वाटलं. हसत होती. “लगीन झालं तवा असंच ध्यान व्हतं,” म्हणाली. “मी म्हनलं, त्यो मानूस गेला कुठं.”

कारखान्यात शेठनी मला ओळखलं नाही. नवीन माणूस समजून रजिस्टरमध्ये सही करायला सांगितलं. ओळखल्यावर म्हणाले, “काका, आजच? पाहुणे आलेत!” मग सगळ्यांना बजावलं, की पहिल्या आणि तिसऱ्या लॉटबद्दल कुणी विचारलं तर विजेचा दाब, एवढंच सांगायचं. तो दाब माझीच कल्पना होती. इतक्या लवकर तिला बढती मिळेल असं वाटलं नव्हतं.

बंगलोरचे पाहुणे म्हणजे बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा माणूस. हिंदी बेताचंच. त्याने चटईकडे बघितलं नाही, खिडकीतून बघितलं नाही, पाटी तर वाचलीच नाही. सरळ चारही लॉटच्या चकत्या मागितल्या आणि ओळीने मांडून बघत बसला. चौथ्या लॉटवर एकदा मान हलवली. मग पहिल्या आणि तिसऱ्याकडे बोट केलं.

“ये क्या हुआ था?”

शेठ म्हणाले, “बिजली का प्रेशर. अब ठीक है.”

“कैसे ठीक हुआ?”

“अब प्रेशर बराबर है.”

“और फिर कम हुआ तो?”

शेठनी चहा मागवला. पाहुण्याने चहाकडेही बघितलं नाही. त्याने बॅग उघडली, काचा ठेवायचा डबा बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. रिकामा डबा.

मी आत शिरलो. कुणी बोलावलं नव्हतं. हातमोजा काढला आणि तळहात त्याच्यासमोर धरला. हिंदी माझं तोडकंमोडकं, म्हणून मॅडमनी मधेमधे सांगितलं.

“साब, बिजली नही. ये हाथ. अंगूर का दवा. उसमे तांबा. मेरे हाथ से गया.” आणि वरच्या ओठावरून बोट फिरवलं. “जुबान दिया था, मूछ निकाला.”

शेठनी डोळे मिटले. पाहुण्याने माझा हात धरला, चष्मा वर करून भेगा बघितल्या. मग कॅलेंडर मागवलं. निळे अंगठे आणि लॉटच्या तारखा त्याने स्वतः जुळवल्या, दोनदा. मग त्याने रिकामा डबा बॅगेत परत ठेवला आणि थंड झालेला चहा प्यायला.

मॅडमनी नंतर मला सांगितलं, तो काय म्हणाला ते. म्हणाला, उतारा सगळ्यांचाच कधीतरी पडतो, मी दहा कारखाने बघितलेत आणि दहाही ठिकाणी विजेचा दाब होता. का पडला ते तुम्ही पहिले सांगताय.

काम मिळालं. बादल्या टळल्या. बागवाल्यांसाठी नियम आला, फवारणी केलेल्याने तीन दिवस भट्टीकडे यायचं नाही, आणि हातमोज्याशिवाय कुणीच नाही. नियमाच्या कागदावर पहिली सही माझी. बाग मी भावाकडे सोपवली. तो आता मला बागेतही शिकवतो.

आणि शेठ? त्यांनी विजेचा दाब सोडला आणि मला धरलं. त्यानंतर जे जे गिऱ्हाईक आलं, त्याला खिडकीशी उभं करून शेठ सांगायचे, “ते आमचे काका. यील्डसाठी त्यांनी मिशी उतरवली. असा स्टाफ आहे आमचा.” पाहुणे काचेतून माझा ओठ बघायचे. दोन हजार सालाच्या पुढेमागे तर लांबून लांबून लोक आले आणि प्रत्येकाने बघितला. मी एकदा हळूच म्हटलं, आता झाली की चार वर्षं, वाढवू का परत?

“काका!” शेठना धक्काच बसला. “निम्मा धंदा तिच्यावर चाललाय!”

निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल दिली. मॅडम तोवर दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेल्या होत्या, तरी आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काका, आता वाढवाल ना?”

मी म्हटलं, “आजपासूनच दाढी करायचं सोडलंय.” आणि ते खरं होतं. सकाळी बायकोने काढून ठेवलेला वस्तरा मीच परत फळीवर ठेवला होता. आता इंदिरानगरात लेकीकडे असतो. मिशी आहे, पांढरी आहे, पण टोकं गालापर्यंत पोचतात. हातातल्या निळ्या रेघा मात्र गेल्या. त्या गेल्याचं मला वाईट वाटतं हे मी कुणाला सांगितलेलं नाही.